किमोच्या खुर्चीचा रिव्ह्यू: साडेतीन स्टार, आणि पावतीवर न येणारं बिल

साडेतीन स्टार. आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच माघारी फिरावं, कारण पुढं लई मोठं झालंय.

कोल्हापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या डे-केअरबद्दल लिहितोय. डे-केअर म्हणजे सकाळी जायचं, खुर्चीत बसून किमो घ्यायची, संध्याकाळी घरी, ॲडमिट व्हायचं नाही. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या इतर ठिकाणी फिरून आलेल्या पेशंटच्या नातेवाईकांकडनं पण ऐकल्यात, मग एकट्याच्याच अंगावर कशाला घालू. आईला घेऊन एक वर्ष झालं जातोय. छातीत गाठ होती. चार लाल पाण्याच्या किमो, मग आठवड्याला एक अशा बारा, मग ऑपरेशन, मग लाईट, आणि आता तीन आठवड्याला एक ते हर-टूचं इंजेक्शन (हर-टू म्हणजे काही गाठींत जास्त असणारं एक प्रोटीन, त्याच्यावरचं), त्याचे आठ झालेत आणि सहा राहिलेत. म्हणजे खुर्चीत चोवीस वेळा बसून झालंय, तेव्हा रिव्ह्यू द्यायला माणूस पात्र आहे असं समजा. (लाईट म्हणजे रेडिएशन. आमच्याकडं गावात लाईट दिली असंच म्हणतात, आबांना, म्हणजे वडलांना, तर पहिल्यांदा वाटलं एमएसईबीचं काहीतरी काम आहे.)

पहिलं वेळेबद्दल, कारण दीड स्टार तिथंच गेलाय. आमचं गाव पन्हाळ्याच्या अंगाला. सकाळच्या गाडीनं रंकाळा स्टँडला उतरायचं, तिथनं रिक्षा, आठला काउंटरवर नंबर. मग रक्त. रिपोर्ट यायला दीड तास. पांढऱ्या पेशींचा काउंट बरोबर असला तरच किमो, नायतर आल्या पावली परत, हे आमच्याबरोबर दोनदा झालंय. मग डॉक्टर साडेअकराला येणार, मग सरकारी योजनेच्या डेस्कवर आईचा फोटो काढायचा, आणि त्या डेस्कचा प्रिंटर म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे, आईनं त्याचं नाव जावई ठेवलंय कारण तो मनात असंल तेव्हाच हलतो. मग औषध तयार होऊन येणार. प्रत्यक्ष सलाईन सुरू व्हायला दुपारचे दीड-दोन. संपायला सहा. शेवटच्या गाडीला पळायचं, आणि शेजारी ओकारी दाबून बसलेली आई.

मी एकदा चिडून सिस्टरला विचारलं की औषध आधीच करून ठेवायला काय होतंय. तर तिनं नीट समजावून सांगितलं, की किमोचं औषध एकदा मिसळलं की लई वेळ ठेवता येत नाही, आणि पेशंटचा काउंट कमी निघाला तर हजारोंचं औषध गटारीत. पटलं. पण रक्त आदल्या दिवशी गावाजवळच्या लॅबमधनं करून आणलं तर चालतंय, हे आम्हाला कधी कळलं माहितीय? बाराव्या खेपेला. तेपण शेजारच्या खुर्चीवरच्या एका आज्जीकडनं. तिथल्या एकाही माणसाला हे आधी सांगावंसं वाटलं नाही. एक कागद छापून भिंतीवर लावा की. भिंतीवर सूर्यफुलाचं मोठं पोस्टर आहे, त्याच्या शेजारी जागा आहे.

आता चांगलं. सिस्टर लोकांना पाचपैकी सात. पहिल्या चार डोसात जे लाल औषध असतंय ते शिरेच्या बाहेर सांडलं तर कातडं जाळतंय, म्हणून सिस्टर शेजारी बसून हातानं हळूहळू सोडते, नजर सुईवर आणि तोंडानं आईशी गप्पा, "मावशी, घरी दूध कुठल्या डेअरीला घालता?" आधीच सांगून ठेवलतं की दोन दिवस लघवी लालसर होईल, घाबरून फोन करू नका. आईच्या शिरा नंतर नंतर सापडंनात, एका हातालाच टोचायचं कारण ऑपरेशनच्या बाजूचा हात वापरायचा नाही, तरी एका सिस्टरनं गरम पाण्याची पिशवी ठेवून दहा मिनिटं चोळून शोधली. असल्या गोष्टीला पगार किती मिळतोय देव जाणे.

केस गेले तेव्हाचं सांगतो. दुसऱ्या डोसाच्या आधीच उशीला पुंजके लागायला लागले. आई दोन दिवस काय बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आबांना म्हणाली, "म्हशी भादरायचं मशीन काढा की, पाडव्याला म्हशीला करता तसं मला पण करा एकदा." दिवाळीत आमच्याकडं म्हशी भादरून, शिंगं रंगवून मिरवतात, कोल्हापूरकरांना सांगायला नको. आबांनी खरंच केलं. अंगणात पाट ठेवून. दोघं हसत होती, आणि मी आत जाऊन बसलो. त्या नवरात्रात आई अंबाबाईला गेली नाही. पदर घेऊन चल म्हटलं तरी नाही.

कँटीन: चहा चांगला, उप्पीट बरं, पण किमोच्या वॉर्डच्या बरोबर खाली मिसळ करायची आयडिया कुणाची? कट तापला की वास वर येतोय, आणि वर अर्ध्या लोकांना नुसत्या फोडणीच्या वासानं मळमळतंय. हे कोल्हापूर आहे मान्य, पण दही-भाताचा एक डबा ठेवा. आमच्या घरात सहा महिने रविवारी मटण शिजलं नाही. तोंडात फोड आलेल्या माणसासमोर तांबडा रस्सा ओढायची कुणाची हिंमत होणार. पोरगं माझं सहा वर्षाचं, ते शेजाऱ्यांकडं जाऊन पांढरा रस्सा पिऊन यायचं आणि घरी सांगायचं नाही, एवढं त्याला कुणी शिकवलं काय माहीत.

आता पैसे. लोक रिव्ह्यू वाचतात ते याच्यासाठीच.

महात्मा फुले योजनेत आमची किमो, ऑपरेशन, लाईट सगळं बसलं. गावातली म्हातारी माणसं अजून तिला जीवनदायीच म्हणतात, कारण २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालती आणि २०१७ ला नाव बदललं. आधी वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता पाच लाख आहे. आरोग्यमित्र म्हणून जो पोरगा डेस्कला बसतोय तो माणूस चांगला आहे, जावई प्रिंटरशी रोज तोच झगडतोय. तर हॉस्पिटलला लुटारू म्हणणाऱ्यांत मी नाही. योजनेला मंजुरी यायच्या आधीच्या तपासण्या, म्हणजे मॅमोग्राफी, बायोप्सी, हर-टूची टेस्ट, पेट स्कॅन (कॅन्सर कुठं पसरलाय ते बघायचा), हृदयाची टूडी इको, आणि मधली काही औषधं, हे सगळं धरून खिशातनं गेले ७१,४०० रुपये. पावत्या आहेत.

पण बायकोनं एक वही केलती. डाव्या पानावर हॉस्पिटलचं, उजव्या पानावर बाकीचं. उजवं पान वाचतो. दोन म्हशी विकल्या, कारण धारा काढणारी आईच होती, आबांचे गुडघे गेलेत. म्हशीचे पैसे आले ते आले, पण दर दहा दिवसाला येणारं दुधाचं बिल बंद झालं, वैरण-पेंड वजा करून वर्षाचं नुकसान साधारण ७८,०००. बायको राजारामपुरीत कापडाच्या दुकानात कामाला होती, नऊ हजार पगार, दहा महिने घरी बसली, ९०,०००. माझे शिरोली एमआयडीसीतले बिनपगारी खाडे, ४१,०००. गाडीभाडं, रिक्षा, रात्री काउंट पडला म्हणून केलेली भाड्याची कार दोनदा, २३,०००. पतसंस्थेत दागिने ठेवले त्याचं व्याज १४,०००. बेरीज २,४६,०००.

म्हणजे चार रुपये गेले असतील तर त्यातले तीन हॉस्पिटलच्या बाहेर गेले. त्याची पावती नाही, योजना नाही, आणि रिव्ह्यू लिहायला जागा पण नाही, म्हणून मी ते इथं लिहितोय. आणि बायकोनं नोकरी सोडायची यावर घरात कुणी बैठक घेतली नाही बरं का. ते आपोआप ठरलं. मला पण तेव्हा त्यात काय वेगळं वाटलं नाही, वहीत ९०,००० चा आकडा बघितला तेव्हा वाटलं. त्या दुकानात आता दुसरी मुलगी लागलीय.

चोवीस वेळा सहा-सहा तास बसलं की माणूस मोबाईलवर काय काय वाचतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात साधारण १४ लाख लोकांना नव्यानं कॅन्सर झाला आणि ९ लाखावर माणसं गेली, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचे अंदाज आहेत. कोल्हापूर शहर २०११ च्या जनगणनेला साडेपाच लाखाचं. म्हणजे नुसती गेलेली माणसंच दीड कोल्हापुराहून जास्त, एका वर्षात. आता या प्रत्येकामागं एक वही धरा आणि तिचं उजवं पान. एनएसएस, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, २०१४ च्या आकड्यांवरनं अभ्यास करणाऱ्यांनी काढलंय की कॅन्सरसाठी ॲडमिट झालेल्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लोकांनी खर्च मुख्यतः उसनवारीनं, कायतरी विकून नाहीतर पाहुण्यांकडनं घेऊन भागवला. आमच्या म्हशी त्या ४० टक्क्यात. आम्ही त्या पाहणीत नव्हतो ते वेगळं.

चार नंबरच्या खुर्चीवर एक भाऊ असायचा, अडतीस वर्षाचा, ट्रक चालवायचा. जबड्याचा. बोलता यायचं नाही, मोबाईलवर टाइप करून दाखवायचा. रात्रीच्या ड्रायव्हिंगला झोप येऊ नये म्हणून मावा-गुटखा, आणि मग दिवसा पण तेच. ट्रकचे हप्ते थकले, ट्रक फायनान्सवाल्यानं नेला. त्याची बायको सांगत होती की गुटख्याला बंदी आहे म्हणतात, मग ह्यांना मिळायचा कुठनं. महाराष्ट्रात बंदी २०१२ ची आहे वहिनी, आणि टपरी हॉस्पिटलच्या गेटपासनं हाकेच्या अंतरावर आहे, मी स्वतः बघितलीय, माळेला पुड्या लटकत नाहीत एवढाच फरक, मागितलं की खालनं काढून देतात. आणि चाळीस किलोमीटरवर निपाणी, तंबाखूवर उभं राहिलेलं गाव. आमचे काही पाहुणे तिकडं आहेत, वखारीत कामाला असलेल्या बायका पिढ्यानपिढ्या त्या तंबाखूच्या धुरळ्यात खोकत जगल्यात, तेव्हा शेतकऱ्याला-कामगाराला शिव्या घालून विषय संपत नाही हे पण मला माहीत आहे.

पण हिशोब बघा. तंबाखूनं होणाऱ्या सगळ्या आजारांचा मिळून, नुसता कॅन्सर नाही, ३५ वर्षाच्या वरच्या लोकांचा, २०१७-१८ या एका वर्षातला देशाचा तोटा एका अभ्यासात १,७७,३४१ कोटी रुपये काढलाय. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जरा जास्त. त्यात दवाखान्याचा खर्च फक्त २२ टक्के. बाकीचे ७८ टक्के म्हणजे बुडालेली मजुरी, सोबत बसणाऱ्यांचा वेळ, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जी माणसं कमवायच्या वयात गेली त्यांची कमाई. हे वाचलं तेव्हा मी बायकोला फोन करून सांगितलं, तुझी वही अभ्यास करणाऱ्यांनी आधीच केलीय. आईला तंबाखूनं झालेलं नाही, तिनं मिश्री पण कधी लावली नाही, पण वहीची दोन पानं तशीच. आणि जे म्हणतात की तंबाखूतनं सरकारला कर मिळतोय, त्यांच्यासाठी त्याच अभ्यासात आहे: १०० रुपये अबकारी कर आला तर ८१६ रुपयांचं नुकसान. आमच्या गावातला किराणा दुकानदार सुद्धा असला धंदा दोन दिवसात बंद करेल.

चार नंबर गेल्या जूनपासनं दिसला नाही. सिस्टरला विचारलं नाही. तिथं असं कुणी विचारत नाही.

मेडिकलबद्दल. हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलला दोन स्टार. योजनेबाहेरची काउंट वाढवायची इंजेक्शनं आम्ही पहिल्या वेळी आतनं छापील किमतीला घेतली. नंतर कळलं की बाहेरच्या होलसेलवाल्याकडं तेच, त्याच कंपनीचं, छापील किमतीच्या निम्म्याहून कमी. तेव्हा विचारायला लाजू नका. कॅन्सरच्या औषधांवर छापलेला आकडा आणि खरी किंमत यात केवढा खड्डा असतो हे सरकारला पण माहीत आहे, २०१९ ला ४२ औषधांवर विक्रीतला नफा ३० टक्क्यांवर बांधून दिला तो त्याचसाठी. आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलसकट देशभरातली हॉस्पिटलं ज्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आहेत, त्यांनी एकत्र येऊन ४० औषधांचा घाऊक सौदा केला तर किंमत साधारण ८२ टक्के खाली आली. ८२! म्हणजे आधी जे देत होतो ते औषधाचे पैसे नव्हतेच. आईचं हर-टूचं जे इंजेक्शन आहे ते पूर्वी फक्त परदेशी कंपनीचं यायचं, २०१४ ला भारतातल्या कंपनीनं त्याच जातीचं काढलं म्हणून आमच्यासारख्याच्या तोंडात त्याचं नाव तरी आलं, नाहीतर म्हशीच काय, गोठा विकून पण झालं नसतं.

मधे एकदा पाहुण्यांच्या आग्रहानं मुंबईला टाटाला जाऊन आलो. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलकडनं सही-शिक्क्यानिशी घ्या, पेशंटला स्लीपर आणि थ्री एसी पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. महालक्ष्मीनं रात्री बसलो, सकाळी मुंबई. आम्हाला हे फॉर्मचं परत येताना कळलं, जाताना पूर्ण तिकीट काढलतं, हे पण भिंतीवरच्या कागदात लिहा म्हणतो मी. टाटा १९४१ चं आहे, दोराबजी टाटांची बायको मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्यातनं ते उभं राहिलं. आणि परळच्या फुटपाथवर बिहार, बंगाल, आसाम कुठनं कुठनं आलेली माणसं एक्सरेच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली. आम्हाला दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, नशीब. तिथल्या डॉक्टरांनी फाईल नीट वाचली आणि म्हणाले, "हीच ट्रीटमेंट आम्ही दिली असती, कोल्हापूरला चालू आहे तिथंच पूर्ण करा." चार दिवस, अकरा हजार, आणि एवढं एक वाक्य. पण ते वाक्य ऐकल्यावर आबा पहिल्यांदा पोटभर जेवले, म्हणून ते अकरा हजार मी वहीत कुठल्याच पानावर लिहू दिले नाहीत.

आई उशिरा आली हे पण सांगायला पाहिजे. गाठ हाताला लागल्यावर सात महिने कुणाला बोलली नाही. आधी ऊसतोड चालू होती, मग माझ्या बहिणीचं लग्न. दुखत नव्हतं ना, म्हणाली. दुखत नाही म्हणूनच दाखवायचं असतंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, गावात बीपी-शुगरची शिबिरं दर महिन्याला होतात, पण छातीची गाठ तपासा असं बायकांच्या शिबिरात कुणी तोंडानं म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले तिसरी स्टेज, पहिलीत आला असता तर ट्रीटमेंट कमी लागली असती. मी बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही आणि सांगणार पण नाही.

२०२५ च्या बजेटमध्ये जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढायचं जाहीर केलंय, पहिल्या वर्षात २००. चांगलंच आहे, आमच्यासारख्यांचं उजवं पान त्यानं निम्मं तरी होईल. फक्त खुर्च्या विकत घेऊन थांबू नका, तसली सिस्टर पण आणा, आणि रक्ताची सोय गावाजवळ करा. आणि प्रिंटर बघून घ्या.

तर नवीन जाणाऱ्यांना: रक्त आदल्या दिवशी करून न्या. दही-भात घरून. मोबाईलचा चार्जर न्या, प्लग सात नंबरच्या खुर्चीमागं आहे, आणि सातला खिडकीतनं दुपारचं ऊन पण येतंय, किमो चालू असताना थंडी वाजते तेव्हा बरं पडतंय. पार्किंगला एक स्टार, तेपण वॉचमन मामांसाठी. आमचा पुढचा नंबर सोमवारी आहे. गेल्या वेळी आई तिथनं निघताना सिस्टरला विचारत होती की डोकीवर आता बोटभर केस आलेत, तर गाभण म्हैस घेतली तर चालेल का, धार एका हातानं निघंल. सिस्टर म्हणाली डॉक्टरांना विचारून सांगते मावशी.